वरूडच्या बागा, बदललेला दिनक्रम आणि शरीरातील मंद दाह

सातपुड्याच्या पायथ्याशी, वर्धा नदीच्या खोऱ्यात वसलेला अमरावती जिल्ह्यातील वरूड तालुका संत्र्याच्या बागांसाठी सर्वदूर प्रसिद्ध आहे. येथील बागाईतदाराला 'डिंक्या' रोगाची ओळख करून द्यावी लागत नाही. झाड वरून हिरवेगार दिसते, फळही धरते. परंतु बुंध्याशी पाणी साचत राहिल्याने फायटोफ्थोरा नावाची जमिनीतील बुरशी मुळांची साल हळूहळू कुजवीत असते. खोडातून डिंक पाझरू लागला म्हणजे रोग ध्यानात येतो. परंतु तोवर त्याचा झाडात बराच काळ मुक्काम झालेला असतो. जाणता शेतकरी अशा वेळी खोडाला बोर्डो मलम लावून थांबत नाही. तो पाणी देण्याची रीत बदलतो, दुहेरी आळे करतो, बुंधा कोरडा ठेवतो.

माणसाच्या शरीरातही असाच एक विकार वर्षानुवर्षे गुप्तपणे चालू राहू शकतो. त्यात ताप येत नाही, सूज दिसत नाही, दुखणेखुपणे जाणवत नाही. माणूस आपली नित्याची कामे करीत असतो. वैद्यकशास्त्रात त्याला जुनाट स्वरूपाचा मंद दाह किंवा शोथ असे म्हणतात. मधुमेह, हृदयविकार, पक्षाघात, यकृतात चरबी साठणे अशा विकारांमध्ये या दाहाचा मोठा वाटा असतो, हे गेल्या तीन-चार दशकांतील संशोधनावरून स्पष्ट झाले आहे. हे विकार शहरातील सुखवस्तू लोकांचे, ही समजूत ग्रामीण भागात अद्यापि प्रबळ आहे. एके काळी तीत बरेच तथ्य होते. आता ते किती उरले आहे, आणि दाह वाढविणाऱ्या ज्या गोष्टींना आपण व्यक्तीच्या 'सवयी' म्हणतो त्यांपैकी किती खरोखर व्यक्तीच्या हाती आहेत, याचा विचार पंचायत सदस्य, शिक्षक आणि शासकीय कर्मचारी यांनी करणे अगत्याचे आहे.

उपकारक दाह आणि न शमणारा दाह

शेतात पायात बाभळीचा काटा मोडला तर तेवढी जागा लाल होते, गरम लागते, सुजते आणि ठणकते. दाहाची ही चार लक्षणे इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्सस या रोमन ग्रंथकाराने नोंदवून ठेवली आहेत. हा दाह शरीराच्या संरक्षणाचाच एक भाग होय. काट्याबरोबर आत गेलेल्या जंतूंशी झुंजण्यासाठी रक्तातील पांढऱ्या पेशी तेथे धाव घेतात. 'सायटोकाइन' या नावाने ओळखली जाणारी संदेशवाहक द्रव्ये आणखी पेशींना पाचारण करतात. काटा निघाला, जंतू मेले की काही दिवसांत सारे शांत होते. दाह भडकणे ही जशी शरीराची क्रिया आहे, तशीच तो शमविणे हीही शरीराची एक स्वतंत्र क्रिया आहे.

अडचण उद्भवते ती काटा निघतच नाही तेव्हा. येथे काटा म्हणजे दररोज थोडाथोडा होणारा उपद्रव: पोटात साठलेली चरबी, तंबाखू, चुलीचा धूर, हिरड्यांतील पू, अपुरी झोप. यांपैकी कोणतीही एक गोष्ट एका दिवसात कोणाला आजारी पाडत नाही. परंतु दाह शमविण्यास उसंत मिळाली नाही म्हणजे संदेशवाहक द्रव्ये रक्तात सतत थोड्या प्रमाणात वावरत राहतात. रक्तवाहिन्यांचे आतील अस्तर त्यामुळे बिघडते. इन्शुलिनचा संदेश स्नायू व यकृत यांच्यापर्यंत नीट पोहोचत नाही, आणि रक्तातील साखर व चरबी वाढू लागते.

हा दाह डोळ्यांना दिसत नसला तरी मोजता येतो. न्यूयॉर्क येथील रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस या संशोधकांना १९३० मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात एक विशिष्ट द्रव्य सापडले. पुढे ते 'सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन' या नावाने प्रसिद्ध झाले. यकृतात तयार होणारे हे प्रथिन दाहाबरोबर वाढते. अत्यंत संवेदनशील चाचण्या उपलब्ध झाल्यावर असे लक्षात आले की, वरकरणी निरोगी असणाऱ्या माणसांतही त्याचे प्रमाण कमी-अधिक असते, आणि ज्यांच्यात ते सतत अधिक असते त्यांना पुढे हृदयविकार होण्याचा संभव जास्त असतो. लिटरमागे १ मिलिग्रॅमहून कमी प्रमाण असल्यास धोका कमी, १ ते ३ मध्यम आणि ३ हून अधिक असल्यास जास्त, अशी स्थूल विभागणी केली जाते. प्रमाण १० च्या पुढे गेले तर बहुधा एखादा ताजा जंतुसंसर्ग किंवा दुखापत असते.

हे प्रथिन आगीचा धूर आहे, आग नव्हे. म्हणून ही चाचणी गावोगावच्या शिबिरांतून सरसकट करण्यात काही हशील नाही. साधा खोकला, जंत किंवा पायाची जखम एवढ्यानेही आकडा चढतो, आणि एका वेळच्या आकड्यावरून घाबरून जाणारे किंवा निर्धास्त होणारे दोघेही फसतात.

पुण्याच्या पंचक्रोशीत काय आढळले

या विषयातील एक महत्त्वाचे संशोधन महाराष्ट्रातच झाले आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनमधील प्रा. जॉन युडकिन यांनी सहकाऱ्यांसह १९९९ मध्ये एक निरीक्षण प्रसिद्ध केले. दाह वाढविणाऱ्या सायटोकाइन द्रव्यांचे प्रमाण शहरात राहणाऱ्या भारतीयांच्या रक्तात बरेच जास्त होते. ग्रामीण भारतीयांत मात्र तसे आढळले नाही. त्यानंतर याच रुग्णालयाच्या पथकाने पुणे परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांची पाहणी केली. त्यांत खेड्यांतील, शहराच्या झोपडवस्तीतील आणि शहरी मध्यमवर्गातील पुरुष जवळजवळ समान संख्येने होते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांतही तेच चित्र दिसले. खेड्याकडून शहराकडे यावे तशी शरीरातील चरबी वाढते, आणि तिच्याबरोबर दाहाचे निदर्शकही वाढतात.

वंश तोच, भाषा तीच, बहुधा नातीगोतीही तीच. म्हणजे खेड्यातील माणसाला जे संरक्षण लाभले होते ते त्याच्या दिवसभराच्या राहणीत होते. रक्तात आलेले ते वडिलोपार्जित दान नव्हते. राहणी बदलली की असे संरक्षण गावाच्या वेशीत राहूनही संपुष्टात येऊ शकते. त्या दृष्टीने भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे २०२३ मध्ये जाहीर झालेले आकडे बोलके आहेत. मधुमेहाचे प्रमाण देशात ११.४ टक्के असून शहरी भागात ते अजूनही अधिक आहे. परंतु मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांचे प्रमाण १५.३ टक्के असून त्यात शहर आणि खेडे असा फरक जवळजवळ उरलेला नाही.

दुसरा गैरसमज काटकुळ्या बांध्याविषयीचा. 'अंगावर मांस नाही, त्याला कशाचा आला मधुमेह?' असे सहज म्हटले जाते. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिक आणि युडकिन यांनी स्वतःचेच छायाचित्र प्रसिद्ध केले. उंची आणि वजन यांवरून काढला जाणारा निर्देशांक दोघांचाही २२.३ होता, चरबीचे प्रमाण मात्र युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के भरले. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ मध्ये सुरू झालेल्या माता-पोषणाच्या अभ्यासात तर नवजात बालकांतच हे वैशिष्ट्य दिसले. तेथील बाळे इंग्लंडमधील बाळांपेक्षा वजनाने पुष्कळ कमी होती. स्नायू कमी होते, परंतु त्वचेखालील चरबी त्या मानाने राखलेली होती. आईच्या पोषणाचा प्रश्न आणि प्रौढपणीच्या मधुमेहाचा प्रश्न एकमेकांत किती गुंतलेले आहेत, हे यावरून ध्यानात येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील सुमारे २१ टक्के स्त्रिया कमी वजनाच्या आणि सुमारे २३ टक्के स्त्रिया अधिक वजनाच्या आढळल्या. दोन्ही प्रकारच्या स्त्रिया एकाच गावात, प्रसंगी एकाच घरात असतात.

पोटाची चरबी आणि चालते स्नायू

चरबी म्हणजे हिवाळ्यासाठी रचून ठेवलेला कडबा, निर्जीव साठा, अशी पूर्वी शास्त्रज्ञांचीही कल्पना होती. अमेरिकेत बोस्टन येथे हॉटामिसलिगिल आणि स्पीगलमन यांनी सहकाऱ्यांसह १९९३ मध्ये ती मोडीत काढली. लठ्ठ उंदरांच्या चरबीतूनच दाहकारक द्रव्य निर्माण होते आणि ते इन्शुलिनच्या कार्यात अडथळा आणते, असे त्यांनी दाखविले. दहा वर्षांनी, २००३ मध्ये, दोन स्वतंत्र प्रयोगांतून आणखी एक गोष्ट उघड झाली. फुगलेल्या चरबीत पांढऱ्या पेशींचे तळ पडलेले असतात; एरवी जंतूंवर चालून जाणाऱ्या या पेशी तेथे जंतू नसतानाच तळ ठोकून बसतात. त्वचेखालील चरबीपेक्षा आतड्यांभोवतीची, म्हणजे पोटातील चरबी या बाबतीत अधिक उपद्रवी ठरते. भारतीय शरीराचा कल नेमका ही चरबी साठविण्याकडे आहे.

याच्या उलट कार्य स्नायू करतात, आणि ते कसे करतात हे मोठे कुतूहलाचे आहे. इंटरल्यूकिन-६ हे दाहाच्या काळात वाढणारे एक संदेशवाहक द्रव्य होय. कोपनहेगन येथील बेंटे क्लार्लुंड पेडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले की, काम करणारा स्नायूही हेच द्रव्य रक्तात सोडतो. वरकरणी ही विसंगती वाटेल. परंतु चरबीतून ते दिवसरात्र थोडेथोडे झिरपत असते. स्नायूतून मात्र श्रमाच्या वेळी एकदम सुटते आणि विश्रांतीत ओसरते. अशा रीतीने सुटलेले इंटरल्यूकिन-६ दाह शमविणाऱ्या इतर द्रव्यांना जागे करते. एकच निरोप, परंतु तो कोणाकडून आणि कोणत्या वेळी आला यावर त्याचा अर्थ बदलतो. याच कारणाने नियमित चालणे व अंगमेहनत यांचा उपयोग वजन फारसे न घटताही होतो. वजनकाट्याकडे पाहून महिन्याभरात निराश होणाऱ्यांना शिक्षकांनी आणि आरोग्यसेवकांनी हे आवर्जून सांगितले पाहिजे.

वरूड परिसरात शारीरिक श्रम संपलेले नाहीत. ते विषम वाटले गेले आहेत. फळे तोडणारे, पेट्या वाहणारे आणि निंदणी-खुरपणी करणारे मजूर आजही दिवसभर राबतात. बागमालक मात्र मोटारसायकलवरून बांधापर्यंत जातो, मोटारीचे बटण दाबतो आणि परततो. पूर्वी मोट, बैल आणि दारे धरणे यांत जे श्रम होत ते यंत्राने वाचविले, आणि ते वाचणे इष्टच होते. कोणीही शेतकऱ्याने मोटेकडे परत जावे असे सुचविणार नाही. वाचलेल्या श्रमांची जागा रिकामी राहिली, एवढाच प्रश्न आहे. व्यायामाची परंपरा या जिल्ह्याला परकी नाही. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून कार्यरत असून, १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली होती. आठवड्यात १५० मिनिटांचे जलद चालणे, एवढी आजची किमान शिफारस आहे. अर्थात, ज्या गावात संध्याकाळी स्त्रियांना निर्धास्तपणे चालता येईल असा दिवे असलेला रस्ता नाही, तेथे ही शिफारस भिंतीवरच राहते.

रात्रीची पाळी

झोपेचा विषय निघाला की मोबाइल फोनकडे बोट दाखविले जाते. ते चुकीचे नाही. परंतु संत्रा पट्ट्यात झोप मोडण्याचे एक जुने कारण वेगळे आहे. भूजलाचा अतिउपसा झालेल्या तालुक्यांत वरूडची गणना होते. विहिरी खोल गेल्या, कूपनलिका त्याहून खोल गेल्या, आणि बाग जगविणे पूर्णपणे विजेच्या पंपावर अवलंबून राहिले. कृषिपंपांना वीज दिवसा आणि रात्री अशा आळीपाळीने देण्याची पद्धत राज्यात दीर्घकाळ चालत आली. रात्रीची पाळी आली की शेतकऱ्याला मध्यरात्री उठून बागेत जावे लागते. साप-विंचवाची भीती आणि थंडी यांबद्दल शेतकरी बोलतो. झोपेबद्दल तो तक्रार करीत नाही, कारण तिला तो आजाराचे कारण मानत नाही.

शास्त्र मात्र मानते. निरोगी माणसांची झोप काही रात्री मुद्दाम कमी करून केलेल्या प्रयोगांत दाहाचे निदर्शक वाढलेले आढळले आहेत. झोपेच्या वेळा पुनःपुन्हा बदलत राहिल्या तर शरीराचे अंतर्गत घड्याळ विस्कळित होते, भूक आणि साखर यांचे नियंत्रण ढळते. रात्री जागलेला माणूस चहा आणि तंबाखू यांच्या आधारे जागतो, आणि दुसऱ्या दिवशी थकव्यामुळे चालणेही टळते. एका कारणातून तीन कारणे उत्पन्न होतात ती अशी. त्यात फळगळ, भावातील चढउतार आणि कर्ज यांची चिंता मिसळली, म्हणजे झोपण्याची मुभा असलेल्या रात्रीही डोळा लागत नाही. दीर्घकाळचा मानसिक ताण हाही दाह वाढविणारा घटक आहे.

दिवसा वीज देण्याच्या उद्देशाने राज्याने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली, आणि २०२३ मध्ये तिचा विस्तारित दुसरा टप्पा हाती घेण्यात आला. या योजनेचा विचार सामान्यतः वीज, अनुदान आणि सिंचन यांच्या हिशेबात होतो. ती आरोग्याचीही योजना आहे, हे सहसा कोणी म्हणत नाही. ग्रामपंचायतीने सौर प्रकल्पासाठी गावठाणालगतची जागा देण्याचा ठराव करताना ही बाजूही ग्रामसभेपुढे मांडावयास हरकत नाही.

खर्रा

विदर्भात तंबाखूचे सर्वांत परिचित रूप म्हणजे खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून प्लास्टिकच्या तुकड्यात बांधलेली ही पुडी खिशात असते, चौकात मिळते, पाहुण्यापुढे धरली जाते. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, परंतु खर्रा पानठेल्यावर डोळ्यांदेखत घोटून मिळतो. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू सेवन करीत होते. धूम्रपान करणारे केवळ ३.८ टक्के होते, तर धूरविरहित तंबाखू खाणारे २४.४ टक्के. म्हणजे येथील प्रश्न मुख्यत्वे चघळण्याचा आहे.

खर्ऱ्याचे परिणाम म्हटले की मुखाचा कर्करोग आठवतो. त्याआधीही बरेच काही घडते. सुपारीने गालाचे आतील अस्तर ताठर होत जाते आणि तोंड उघडेनासे होते. हिरड्या मागे सरतात, दातांच्या मुळाशी पू धरतो. हिरड्यांचा असा जुनाट विकार म्हणजे तोंडात कायम उघडी राहिलेली जखमच होय, आणि तिचा दाह रक्तातही उमटतो. मधुमेह हिरड्या बिघडवितो आणि बिघडलेल्या हिरड्या मधुमेह आटोक्यात येऊ देत नाहीत. कराची येथील एका अभ्यासात सुपारी चघळणाऱ्यांच्या रक्तात सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन वाढलेले असण्याचा संभव अधिक दिसला. तेव्हा 'मी तंबाखू सोडली, नुसती सुपारी खातो' या समाधानात फारसा अर्थ नाही.

येथे पंचायतीच्या हाती थेट साधन आहे. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने शाळा-महाविद्यालयांपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थांची विक्री निषिद्ध केली आहे. अंतर मोजण्यासाठी एक टेप आणि दोन माणसे पुरतात. गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' संस्था, राज्य शासन आणि टाटा ट्रस्ट यांच्या सहयोगाने २०१६ मध्ये 'मुक्तिपथ' उपक्रम सुरू झाला. दारू आणि तंबाखू यांविरुद्धच्या या कामाचा भर गावाच्या सामूहिक निर्णयावर राहिला आहे. पानठेलेवालाही गावातलाच असतो. त्याच्यावर केवळ दंड आकारून प्रश्न सुटत नाही. दुसरा जिन्नस विकण्याची वाट त्याला दाखवावी लागते.

ताटातील बदल

वऱ्हाडाचे जुने ताट गरिबीचे होते, त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तरीही त्यात काही गोष्टी उत्तम होत्या. ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी आणि जवसाची चटणी यांतून तंतुमय अंश भरपूर मिळे. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू असतात. पॉलिश केलेल्या तांदळात आणि मैद्यात ते ३ ग्रॅमच्याही आत येतात. हे तंतू आपल्याला पचत नाहीत, पण मोठ्या आतड्यातील उपकारक जंतूंचे ते अन्न आहे. हे जंतू त्यांतून जी आम्ले तयार करतात ती आतड्याचे अस्तर सुदृढ ठेवतात आणि दाह आवरतात. गेल्या काही दशकांत विदर्भात ज्वारीचे क्षेत्र घटून सोयाबीनचे वाढले, आणि शेतातून गेलेली ज्वारी ताटातूनही बरीच गेली. तिच्या जागी घरच्या गव्हाची कोंड्यासह दळलेली पोळी आली असेल तर तंतूंच्या दृष्टीने विशेष नुकसान नाही. नुकसान होते ते मैद्याची बिस्किटे, पाव आणि कुरकुरीत पुड्या आल्या तेथे. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक भाग ओमेगा-३ वर्गातील मेदाम्लाचा असतो. मासे न खाणाऱ्या कुटुंबाला तो सहज मिळण्याचे हे स्वस्त साधन आहे. शरीर त्याचा थोडाच भाग माशांतील मेदासारख्या स्वरूपात बदलू शकते, हेही सांगितले पाहिजे.

समोसा, कचोरी आणि अमरावतीचा गिला वडा यांना कोणी वर्ज्य ठरवू नये. पण एकाच कढईतील तेल किती वेळा तापले याची विचारपूस व्हावी. तेल वारंवार तापविल्याने त्यात अपायकारक द्रव्ये वाढतात, म्हणून २०१८ पासून त्याची कायदेशीर मर्यादा ठरवून दिलेली आहे. खाद्यतेल व वनस्पती तूप यांतील कृत्रिम ट्रान्स-मेदावर जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे.

राहिले संत्रे. वरूडचे संत्रे दिल्ली-कोलकात्यापर्यंत जाते, आणि तालुक्यातल्याच शाळेच्या फाटकाशी मुले रंगीत गोड पाणी विकत घेतात. संत्रे हे दाहावरचे औषध आहे असा दावा करणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु ते सालपटाच्या आतील पांढऱ्या शिरांसह, फोडी चावून खाल्ले तर त्यात जीवनसत्त्व 'क' बरोबर तंतूही मिळतात. गाळून, साखर घालून प्यायले तर ते बहुतांशी शरबत होते. आंबिया आणि मृग या दोन्ही बहारांच्या तोडणीत व्यापाऱ्याने बाजूला काढलेली लहान फळे उत्तम खाण्याजोगी असतात. तिथिभोजनाच्या उपक्रमातून ती शाळांना देणे बागाईतदारांना जड जाणार नाही.

औषधाने भागेल काय?

दाहच कारण असेल तर दाहावर औषध द्यावे, अशी शंका स्वाभाविक आहे. तसा प्रयोग झालेला आहे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या आणि सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन वाढलेल्या दहा हजारांहून अधिक रुग्णांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. दाह शमविणाऱ्या एका इंजेक्शनाने कोलेस्टेरॉलमध्ये फरक न पडताही पुढील झटक्यांचे प्रमाण घटले. त्यामुळे दाहाचा कार्यकारणसंबंध बळकट झाला. परंतु औषध घेणाऱ्यांत प्राणघातक जंतुसंसर्ग वाढले. दाह ही शरीराची संरक्षक आगही आहे. ती सरसकट विझविता येत नाही. सांधेदुखीच्या वेदनाशामक गोळ्या 'दाह कमी होतो' म्हणून दुकानातून परस्पर घेणे तर मूत्रपिंडांना घातक ठरते.

तीस वर्षांवरील प्रत्येकाची तपासणी

३० वर्षांवरील सर्व स्त्री-पुरुषांची मधुमेह, रक्तदाब आणि कर्करोग यांसाठी तपासणी करण्याची सोय उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र स्तरावरील आयुष्मान आरोग्य मंदिरांत आहे. तत्पूर्वी आशा स्वयंसेविका घरी येऊन 'सीबॅक' नावाचा तक्ता भरते. त्यात वय, तंबाखू, मद्य, कमरेचा घेर, आठवड्यातील शारीरिक श्रम आणि कुटुंबातील आजार यांना गुण दिलेले आहेत. बेरीज ४ पेक्षा अधिक झाली तर त्या व्यक्तीला प्राधान्याने तपासणीस पाठवावयाचे असते. दररोज तंबाखू खाणाऱ्याला त्यात २ गुण मिळतात. म्हणजे दाहाची बहुतेक कारणे या साध्या तक्त्यात आलेली आहेत. झोपेचा आणि रात्रपाळीचा रकाना मात्र त्यात नाही. वरूडसारख्या तालुक्यात आशा स्वयंसेविकेने तेवढा एक प्रश्न तोंडी विचारून ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या बैठकीत त्याची माहिती ठेवली, तर कोणत्या वस्तीत रात्रीच्या पाळीचा भार किती आहे हे गावालाच कळेल.

तक्त्यातील सर्वांत उपयुक्त आकडा कमरेच्या घेराचा. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही मर्यादा भारतीयांसाठी मानली जाते. तो पुष्कळदा पँटच्या मापावरून किंवा नजरेच्या अंदाजाने लिहिला जातो आणि निरुपयोगी होतो. बरगडीची शेवटची कड आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध, माणूस दोन्ही पाय किंचित फाकवून सरळ उभा असताना, सहज श्वास सोडल्यावर फीत आडवी लावावी. ती घट्ट ओढू नये. लुगड्याच्या निऱ्यांवरून घेतलेले माप ग्राह्य धरू नये. स्त्रियांचे माप स्त्री कर्मचाऱ्यानेच घरात, आडोशाला घ्यावे, आणि काटकुळ्या दिसणाऱ्या माणसाचे माप घेण्याचे टाळू नये.